दोघांनी पाहिलेल्या काठ्या

अडुसष्ट वर्षांचा माणूस, केस म्हणाल तर कानांमागे चार उरलेले, आणि सगळी गल्ली त्याला 'धाकटे' म्हणून हाक मारते! पण त्याला इलाज नव्हता. थोरले भाऊ समोरच्याच घरात राहत होते, आणि थोरले आहेत तोवर धाकट्यांना बढती मिळणार कुठून?

धाकटे गळाच्या काठ्या बांधत. आपण रीळ लावून जी काठी पाण्यावर नेतो ना, ती आधी अगदी कोरी असते. मूठ नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत. नुसती एक पोकळ नळी, बुडाला बोटाएवढी जाड आणि टोकाला गवताच्या काडीसारखी. दुकानात तिला ब्लँक म्हणतात, धाकटे कोरी काठी म्हणत. तिला बुचाची मूठ बसवायची, कड्या दोऱ्यानं आवळून बांधायच्या, वर राळेचा हात फिरवायचा, दोन दिवस वाळवायची. मग ती काठी झाली. पण मुळात कोरी काठीच वाईट निघाली, तर वर कितीही नटवा, पाण्यावर नाक कापायची ती कापतेच. म्हणून बांधण्याइतकंच मोठं काम म्हणजे कोऱ्या काठ्या पारखणं. त्या कामात या घराचं नाव होतं.

राहायची आणि कामाची खोली एकच. पूर्वी ते दोरखंडांचं गोदाम होतं. सोळा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. जेवायला भिंतीला टेकून बसलं की पाय समोरच्या टेबलाखाली जायचे. लग्न राहून गेलेल्या माणसाला एवढी जागा पुरते, असं ते स्वतःच सांगत, आणि सांगून झाल्यावर उगाच हसत. एका अंगाला लांबलचक टेबल, त्याच्या टोकाला लोखंडी शिकंजा, आणि टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या शेकडो वाकड्या रेघा. तपासलेल्या प्रत्येक काठीचा वाक तिथं काढून ठेवलेला. पाहुण्याला वाटावं, घरात पोर आहे आणि त्याला कुणी रागवत नाही.

त्या मंगळवारी दुकानदार पुठ्ठ्याची नळी काखेत मारून आला. गळ, रीळ, दोरे विकणारं चौकातलं दुकान त्याच्या वडिलांचं. वडील गेले आणि गल्ल्यावर हा बसला.

"काका, यंदा तीनच नमुने. काळी, हिरवी आणि ही मातकट. एका काळीच्या पैशात मातकट चार येतात. हिरवी मधली. कारखान्याला शनिवारी कळवायचंय, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी द्या."

"बघतो."

"आणि खाली ते नेहमीचं विसरू नका हं. 'दोघांनी पाहिली.' बाबा सांगायचे, तेवढ्या दोन शब्दांवर माल उठतो. मी चिठ्ठी काचेतच लावतो."

धाकट्यांनी काळी काठी उचलून बंदुकीसारखी डोळ्याला लावली. एक डोळा मिटलेला असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

त्या दोन शब्दांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

काठी पारखायच्या बऱ्याच तऱ्हा एकट्यानं होतात. टेबलावर गडगडवली की वाकडी असेल ती उड्या मारते. काट्यावर ठेवली की वजन कळतं. दोन तुकड्यांची असली तर जोड ओढून बघायचा, बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला की जोड पक्का. मग बूड शिकंज्यात आवळायचं आणि टोकाला कापडी पिशवी टांगून तिच्यात एकेक वायसर टाकत जायचं. टोक भिंतीवरच्या खुणेपर्यंत खाली आलं, की वायसर मोजायचे. जास्त वायसर लागले तर काठी कडक, कमी लागले तर मऊ.

शेवटची परीक्षा मात्र दोघांची. एकानं डोळे मिटून बूड मुठीत धरायचं. दुसऱ्यानं टोकाला दोरा बांधून, मासा तोंड लावतो तसा, हळूच ओढायचा. कधी ओढायचा, कधी नुसता स्पर्श करायचा, कधी काहीच करायचं नाही. धरणाऱ्यानं म्हणायचं, "आली," "गेली." पाण्याखालचं बोलणं मुठीपर्यंत किती पोचतं, ते तिथं कळतं. तीस वर्षं थोरल्यांनी धरलं आणि धाकट्यांनी ओढलं. थोरल्यांचा हातच तसा होता. एकदा एक गिऱ्हाईक पैज लावायला बसलं होतं. थोरल्यांचे डोळे मिटलेले, धाकट्यांचा दोरा सैल, आणि थोरले म्हणाले, "कुणीतरी बसलंय." बघतात तर टोकावर माशी! गिऱ्हाइकानं पुढं तीन काठ्या घेतल्या आणि माशीची गोष्ट इतक्या जणांना सांगितली, की शेवटी शेवटी ती माशी नुसती जवळून उडत गेली होती.

तर चिठ्ठीखाली 'दोघांनी पाहिली' असं लिहायचं, ते यामुळं.

मग अकरा वर्षांपूर्वी एक तांबडी काठी आली. थोरल्यांनी डोळे मिटून धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हिच्यात खोट आहे. दोन हातांवर काहीतरी अडखळतंय." धाकट्यांनी ती शिकंज्यात घातली आणि वायसर टाकले. एकदा नाही, तीनदा. टोक प्रत्येक वेळी बरोबर खुणेवर आलं. भिंतीवरची रेघ तर अशी सुरेख, की पुस्तकात छापावी.

"खोट कुठाय, दादा?"

"माझ्या हाताला लागली."

"हाताचं काय, हाताला काल झोप झाली नसेल. वायसर खोटं बोलत नाहीत."

थोरले उठले. चपला घातल्या. दारातून एवढंच म्हणाले, "मग राहा वायसरांबरोबर."

आणि धाकटे राहिले की हो! अकरा वर्षं. पहिल्या वर्षी वहिनींनी दोन्हीकडे खेपा घातल्या. हा म्हणे, त्यानं आधी बोलावं. तो म्हणे, मी थोरला आहे, मी का आधी? दोघांनी तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे असं धरून चालले. धाकट्यांनी ती तांबडी काठी हट्टानं स्वतःसाठी बांधली. रोज पहाटे तळ्यावर जाताना थोरल्यांच्या दारावरून ती उभी धरून न्यायची, आणि परत येताना आणखी उभी. बघा, तुटली नाही! दिंडीदरवाजातून भालदार जावा तसा हा म्हातारा सात पावलांची गल्ली ओलांडायचा. खिडकीतून कुणी बघतंय की नाही, हे मात्र मान वळवून बघायचं नाही.

बोलणं नव्हतं, पण सकाळी थोरले खोकले की धाकटे चहा ठेवत. घड्याळ त्यांच्याकडे होतं, पण ते पुढं जायचं. खोकला वेळेवर यायचा.

आणि चिठ्ठ्या? पहिल्या चिठ्ठीवर सवयीनं हात गेला, 'दोघांनी पाहिली.' लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडलं तर कागद घाण दिसला असता. दुसऱ्या वेळी वाटलं, आता बदललं तर दुकानदार विचारील. तिसऱ्या वेळेपासून काही वाटेनासं झालं. दोघांची परीक्षा बंदच पडली होती. सगळं वायसरांवर.

बुधवारी धाकट्यांनी तिन्ही काठ्या काट्यावर घातल्या. काळी पासष्ट ग्रॅम, मातकट एकशे पाच, हिरवी एकशे दहा. मग शिकंजा. काळीला एकेचाळीस वायसर लागले, मातकटला तेहतीस, आणि हिरवीला चाळीस. म्हणजे निम्म्या पैशात काळीच्या तोडीची! थोडी जड, पण जड काठी काही गुन्हा नाही. चिठ्ठी डोक्यात तयार झाली: हिरवी घ्यावी. पण हिरवी हातात घेतली, की काहीतरी रुचेना. तोंडभर बोलणारा पाहुणा जसा एखाद्या दिवशी गप्प बसून राहावा, तशी ती हातात बसून राहायची.

गुरुवारी दुपारी दारात वहिनी उभ्या. हातात पत्र्याचा डबा.

"भाऊजी, हे तुमच्याकडे राहू दे. बांधायचे दोरे आहेत, तुमच्या दादांचे. मी म्हटलं टाकते, तर म्हणाले, त्याला विचार लागतात का."

"असं म्हणाले?"

"म्हणजे शब्द वेगळे होते. पण अर्थ तोच."

"आवराआवर चाललीय का?"

वहिनींनी पदरानं डब्याचं झाकण उगाच पुसलं. "शनिवारी टेम्पो येणार. लेकीकडे चाललो आम्ही, कायमचे. तिच्या घरात खालची खोली रिकामी आहे. इथले जिने आता यांना जमत नाहीत. मला वाटलं, गल्लीत कळलं असेल तुम्हाला."

गल्लीत कळलं नव्हतं, कारण गल्लीला वाटलं होतं की भावाला तर माहीत असेलच.

"लांब आहे का तिचं घर?"

"सकाळी निघालं तर जेवायला पोचतो." जाता जाता त्या थांबल्या. "मी काही सांगायला आले नाही हं. डबा द्यायला आले." आणि गेल्या.

धाकट्यांनी डबा उघडला. लाल, निळे, पिवळे रिळांवरचे दोरे, प्रत्येकाचं टोक खाचेत नीट अडकवलेलं. थोरले दोऱ्याचं टोक कधी मोकळं सोडत नसत. बराच वेळ ते डबा मांडीवर घेऊन बसले. परवा सकाळी खोकला येईल. त्यानंतरच्या सकाळी येणार नाही. चहा कधी ठेवायचा, एवढाच विचार आधी आला. माणसाचं डोकं मोठ्या गोष्टीला हात घालायला भितं, मग ते चहापासून सुरुवात करतं.

मग त्यांनी काय केलं असेल? दारं लावून घेतली आणि एकट्यानं दोघांची परीक्षा घ्यायला बसले. हिरवीच्या टोकाला दोरा बांधला, तो खिळ्यावरून फिरवून आणला आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला अडकवला. बूड मुठीत. डोळे मिटले. अंगठा हलवला.

"आली," ते म्हणाले.

येणारच! अंगठा त्यांचा, दोरा त्यांचा. काठीनं सांगायच्या आधीच बातमी डोक्यात पोचलेली. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या करून बघा, हसू येतं का? तसंच. त्यांनी अंगठ्याला फसवायचा प्रयत्न केला, मनात आकडे मोजले, बावन्नावर अंगठा हलवायचा ठरवून पन्नासलाच हलवला. काही उपयोग नाही. शेवटी पायात गोळा आला, आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस अंगठ्याला दोरा बांधलेला, जमिनीवर पाय चोळत बसला. कुणी बघायला असतं तर हसलं असतं. बघायला कुणी नव्हतं, म्हणून हसायचंही राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्यांनी स्वच्छ सदरा घातला, तिन्ही कोऱ्या काठ्या घेतल्या, दाराशी गेले, परत आले आणि कोपऱ्यातली तांबडीही उचलली. ती का उचलली, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. कोर्टात जाताना माणूस सगळे कागद बरोबर घेतो, तसं काहीतरी. गल्ली सात पावलांची. तेवढ्यात त्यांनी एक वाक्य तीनदा घोकलं: दादा, शनिवारी जाणार म्हणे, म्हटलं भेटून यावं.

जिना चढले, तर दार उघडंच होतं. आत खोकी दोरीनं बांधून ठेवलेली. भिंतीवर तसबिरी होत्या तिथं पांढरे चौकोन उरलेले. थोरले गुंडाळलेल्या गादीवर बसले होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे, पूर्वीपेक्षा लहान झालेले.

"अगंबाई, भाऊजी!" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातेलं. "अहो, बघा कोण आलंय!"

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत," थोरले म्हणाले. मग काठ्यांकडे बघून, "काय, वायसर संपले वाटतं?"

घोकलेलं वाक्य साफ पळालं. धाकट्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "जरा बूड धरतोस का?"

"मी? मी तर धरतोच आहे की अकरा वर्षं. दुकानाच्या काचेत वाचतो ना. 'दोघांनी पाहिली.' गेल्या वर्षी म्हणे मी एक चौदा फुटी पाहिली. कधी पाहिली तेवढं सांग, म्हणजे मलाही आठवेल."

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं आणि पातेल्यावर पातेलं आपटून त्यांनी ते झाकलं.

"हाताला सवय होती," धाकटे म्हणाले.

"हाताला! बरं. आण इकडे."

थोरल्यांनी काळी काठी मुठीत घेतली आणि डोळे मिटले. धाकटे टोकाशी बसले. दोरा बोटात घेतला. हळूच ओढलं. थोरले गप्प. पुन्हा ओढलं.

"ओढ की," थोरले म्हणाले.

"ओढतोय, दादा."

आणखी जोरात. टोक वीतभर वाकलं. थोरल्यांचा चेहरा तसाच, वाट बघत असलेला. धाकट्यांनी हात थांबवला. थोरल्यांनी डोळे उघडले, वाकलेलं टोक पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी करंगळीत मुंग्या आल्या. मग सगळ्या बोटांत. आता शर्टाची बटणं हीच लावते."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

"कळवायचं तरी," धाकटे म्हणाले.

"कुणाला? वायसरांना?"

धाकट्यांनी काठी हळूच परत घेतली. "राहू दे, दादा. मी लिहितो वायसरांवर."

"ऊठ तिथून," थोरले म्हणाले. "इकडे बस. तू धर, मी ओढतो. ओढायला बोटं लागत नाहीत. मनगटाला दोरा बांध माझ्या."

"मी कधी धरली नाही."

"म्हणूनच तोंड वर करून बोलत होतास. बस."

धाकट्यांनी थोरल्यांच्या मनगटाला दोरा बांधला. कातडी सैल झाली होती, गाठ सैलच मारली. मग गादीवर बसले आणि काळीचं बूड मुठीत घेतलं.

"डोळे मीट."

"मिटले."

"नीट मीट. लपाछपीत मिटायचास तसे नकोत."

अंधार झाला. आधी स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, कुणीतरी कानाशी येऊन बोलावं तसं झालं.

"आली."

"हं."

"गेली. आली. परत आली. दादा, हे सगळं असंच कळायचं तुला?"

"बडबड नको. दुसरी घे."

मातकट जणू शेजारच्या खोलीतून बोलत होती, पण शब्द स्पष्ट होते. एकही निसटला नाही. मग हिरवी. धाकटे वाट बघत राहिले. काही नाही. अजून काही नाही. मग एकदम धप्प असा धक्का.

"आत्ता आली."

"आत्ता? सहा वेळा ओढली मी. मुकी आहे ती. रंग खरवड बरं."

धाकट्यांनी नखानं बुडाशी खरवडलं. रंगाखाली रंग, त्याखाली आणखी रंग, जाड सालीसारखा.

"वायसर बघून मी हीच लिहिणार होतो," ते म्हणाले.

"वायसर वाक सांगतात. बोलते का, ते सांगत नाहीत. त्यांना तू विचारलंच नाहीस, त्यांचा काय दोष?" मग थोरल्यांनी कोपऱ्यात टेकवलेल्या तांबडीकडे हनुवटीनं दाखवलं. "आणि ती कशाला आणलीस? मिरवायला? रोज मिरवतोसच की. पहाटे जाताना उभी आणि येताना आणखी उभी."

म्हणजे खिडकीतून कुणीतरी बघत होतं!

"हिच्यावर घेऊ एकदा," धाकटे म्हणाले.

तांबडीची मूठ त्यांच्याच हातानं झिजलेली. अकरा वर्षं ही काठी त्यांनी धरली होती, पण डोळे उघडे ठेवून, पाण्याकडे, तरंगाकडे, माशाकडे बघत. आता डोळे मिटले. थोरल्यांनी मनगट मागं नेलं. आली. सरळ, छान. गेली. पुन्हा आली. आणि तिसऱ्यांदा, ओढ वाढत असताना, मध्येच एक बारीकसा अडथळा. जिना उतरताना एक पायरी केसभर उंच असावी, तसा. मुठीपासून दोन हातांवर.

धाकटे "पुन्हा," म्हणाले.

पुन्हा तेच.

"पुन्हा."

तीनदा. वायसर टाकले होते तेवढ्याच वेळा.

डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "दादा, आहे."

"काय आहे?"

"खोट. दोन हातांवर."

मग थोरल्यांचा आवाज आला, अगदी साधा, "मग? तुटली का?"

"नाही."

"नाही ना. ती कशी तुटेल? सहा वर्षांमागं तो मोठा मासा लागला होता, सगळा काठ ओरडत होता, ओढा ओढा. तू दोरा कापलास. लोकांना सांगितलंस, एवढा साफ कोण करणार, मला कंटाळा आहे. मला तळ्यावरच्या नावाड्यानं सांगितलं. तेव्हाच ओळखलं मी. हा काठीला जपतोय."

धाकट्यांनी डोळे उघडले. ते खरंच होतं. अकरा वर्षांत त्यांनी त्या काठीवर कधी पुरता जोर टाकला नव्हता. तुटली असती तर सात पावलांची गल्ली कुठल्या तोंडानं ओलांडली असती? वर्षानुवर्षं त्यांनी छोटे मासे धरले आणि मोठे सोडले. थोरल्यांच्या हाताचा शब्द त्यांच्या हातानं मानला होता, फक्त तोंडाला तसं सांगितलं नव्हतं.

"चुकलो मी," धाकटे म्हणाले.

"मीही चपला जरा घाईतच घातल्या," थोरले म्हणाले. "चिठ्ठी लिही. उजेड जायच्या आत."

एका खोक्यावर कागद ठेवून धाकट्यांनी लिहिलं. काळी उत्तम, पण जपणाऱ्यानंच घ्यावी, हलकी आहे, दगडावर आपटली तर राहणार नाही. मातकट सर्वांना घ्यावी, पैशापेक्षा काठी मोठी आहे. हिरवी परत पाठवावी, रंगाचं वजन आहे. खाली लिहिलं, 'दोघांनी पाहिली.' शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

वहिनी चहा घेऊन आल्या. बाकीचे कप खोक्यात गेले होते, म्हणून एक कप, एक वाटी आणि एक पेला. पेला कुणाचा यावर दोघे भाऊ भांडले, आणि वहिनी तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

शनिवारी टेम्पो आला. सामान चढलं. थोरले पुढं बसले आणि काचेतून म्हणाले, "ती तांबडी दे इकडे."

"खोट असलेली? काय करायचीय?"

"तिकडे जवळपास पाणी नाही. तिला कुणी ओढणार नाही."

धाकट्यांनी काठी आणून दिली. ती टेम्पोत मावेना, म्हणून खिडकीतून टोक बाहेर ठेवलं. वळणापर्यंत ते तांबडं टोक हलताना दिसत होतं. मग भिंत आडवी आली.

सोमवारी दुकानदार आला. कारखानेवाल्यांनी हिरवीबद्दल खळखळ केली, पण रंग खरवडल्यावर गप्प बसले, असं खुशीत सांगत होता. "काका, पुढच्या वर्षी आठ नमुने मागवतो."

"मागव. पण चिठ्ठीवर 'एकानं पाहिली' असं लिहीन."

"असं कसं? 'एकानं' वाचून कोण घेईल?"

"ज्याला घ्यायचीय तो घेईल. आणि मागची अकरा वर्षंसुद्धा एकानंच पाहिलीयत. तेही सांग, कुणी विचारलं तर."

दुकानदाराचा फोन वाजला, म्हणून तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशीही सकाळी धाकटे जागे होऊन पडून राहिले. समोरून काही आवाज आला नाही. घड्याळ बघितलं, ते पुढं होतं. किती पुढं, हे आता कुणी सांगणार नव्हतं. अंदाजानं उठले आणि अंदाजानंच चहा ठेवला.

मग त्यांनी मातकटच्या टोकाला पत्र्याच्या डब्यातला निळा दोरा बांधला. त्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं आणि दार किलकिलं सोडलं. सोळा पावलं चालत मागं आले, बूड मुठीत घेतलं, भिंतीला टेकून बसले. डोळे मिटले. नीट मिटले.

बराच वेळ काही नाही. मग गल्लीतून वारा आला आणि दार हललं.

"आली," धाकटे मोठ्यानं म्हणाले.

दार परत लागत आलं.

"गेली."